धाकटीस विचारणे

माझे सांगलीचे मामा आमच्या निपाणीच्या घरातून उपाशी परत गेले, त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. मामाही गेले. पण माहेरी लग्न असो की बारसं, पंगत बसली की कुणीतरी तो विषय काढतंच. मामा भर दुपारच्या एसटीनं आले होते आणि मी शाळेत शिकवायला गेले होते. घरात आमच्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे पद्माक्का. तिनं पाणी दिलं आणि विचारलं, "जेवणार का?" मामा रीतभात जाणणारे. ते म्हणाले, "नको, नको." आक्का "बरं" म्हणाली, भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं आणि शेंगा फोडायला बसली.

मामा दोन तास सोप्यात बसून राहिले. आतून आमटीचा वास येत होता. दुसऱ्यांदा विचारलं की थोडे आढेवेढे घ्यायचे आणि तिसऱ्यांदा हात धुवायला उठायचं, अशी त्यांची आयुष्यभराची सवय. ती दुसरी वेळ आलीच नाही. संध्याकाळी मी शाळेतून परत येताना ते मला स्टँडवर भजी खाताना सापडले. मला बघून त्यांनी पुडी पाठीमागं लपवली.

घरी येऊन मी आक्काला विचारलं, तर ती शांतपणे म्हणाली, "ते नको म्हणाले."

"अहो आक्का, पाहुण्यांचं नको म्हणजे नको नसतं."

"मग काय असतं?"

असं विचारून ती तिथंच उभी राहिली, उत्तराची वाट बघत. मला वाटलं, काय निर्लज्ज बाई आहे. मी त्या घरात नवी होते. मराठी घेऊन बी. ए. झालेली, आवाज गोड, पाहुण्याला पाचदा आग्रह करणारी. या घरात आपला नंबर पहिला लागायला काही अडचण नाही, असं मी त्याच दिवशी मनाशी ठरवून टाकलं.

तो काही लागला नाही.

आक्का सदलग्याची. घरची भाषा कन्नड, शाळा कन्नड, आणि मराठी लग्नानंतर आमच्या आत्तींच्या, म्हणजे सासूबाईंच्या, हाताखाली शिकलेली. देवनागरी पूजेच्या पुस्तकांवरून गिरवलेली. अंगणवाडीत तिनं अठ्ठावीस वर्षं काढली. उंच, काटक, आणि चालायची अशी की रस्ता तिला आधीच कुणीतरी आखून दिलाय. घरातून अंगणवाडीला जाताना ती नेहमी डाव्या बाजूनंच जायची. एकदा तिथं गटार खणलं होतं तर ही बाई गटाराच्या काठाकाठानं साडी उचलून गेली, पण बाजू सोडली नाही. सूर्य मावळायच्या आत जेवायचं, हे आमच्या जैनांच्यात सगळेच जमेल तसं पाळतात. आक्का घड्याळासारखं पाळायची, एकाच ताटात, आणि भाताला आमटी लागलेली तिला चालायची नाही. दोन्हींच्या मध्ये बोटभर जागा लागायची. कुकरची शिट्टी होणार असं वाटलं की ती परसात जाऊन उभी राहायची आणि "ऒंदु, येरडु, मूरु" असं कन्नडमधून मोजायची. तिसरी झाली की आत येऊन गॅस बंद. सणावाराला बायका जमल्या, की सगळ्या एकदम बोलत असताना ती भिंतीकडं तोंड करून शेंगा निवडायची. फुटक्या एकीकडं, सबंध एकीकडं. गल्लीत तिला शिष्ट म्हणत. मी त्यांना विरोध करत नसे.

आणि तरीसुद्धा कोठीच्या खोलीची किल्ली आक्काच्या कमरेला. मी आत्तींचे पाय चेपले, त्यांच्या आवडीची शेंगापोळी शिकले, त्यांच्या मैत्रिणींना चहाबरोबर बिस्किटं दिली. किल्ली काही हलेना. एकदा मी हसतहसत, म्हणजे अगदी सहज विषय निघाल्यासारखं विचारलंच. आत्ती म्हणाल्या, "ती विचारलं की खरं सांगतीया. तू गोड सांगतीस. दोन्ही लागतंय गं घराला, पर किल्ली गोडाला द्यायची नसती."

हे वाक्य मी विसरले असं मला वाटत होतं. आत्ता लिहिताना कळतंय की शब्दन् शब्द पाठ आहे.

माझ्या मुलीची गोष्ट तर सांगायलाच नको. दहावीचा निकाल घेऊन ती आधी धावत गेली ती मोठ्या आईकडे, म्हणजे आक्काकडे. मी विचारलं, अगं, मी समोर उभी होते की. तर म्हणाली, "तू शाबास म्हणणारच होतीस."

आक्काची आणखी एक सवय होती, आणि तिनं मला सगळ्यात जास्त छळलं. रोज संध्याकाळी जेवण आटोपलं, की ती माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहायची आणि विचारायची, "धाकटे, आज कोण रागावलं?" मी सांगायची. आत्ती जरा तणतणत होत्या, तुम्ही त्यांच्या बहिणीला ओळख दिली नाही म्हणून. किंवा, भावजी गप्प होते, बहुतेक पगाराची बोलणी फिसकटली. ती ऐकायची, मान हलवायची आणि जायची. मला खात्री होती की ही मला टोचते. मी दिवसभर घरात सगळ्यांची मनं राखत फिरते, त्याचा हा रोजचा संध्याकाळचा टोमणा. कधीकधी मी मुद्दाम "कुणी नाही" म्हणायची. ती त्यावरही विश्वास ठेवायची.

तर चार वर्षांपूर्वी बेळगावहून एका मॅडमचा फोन आला. स्वाती मॅडम, मानसशास्त्रातल्या डॉक्टर, मूळच्या खानापूरच्या. स्वमग्नतेच्या, म्हणजे ऑटिझमच्या, खुणा ओळखायच्या दोन प्रश्नावल्या त्यांच्याकडे होत्या, एक लहान मुलांच्या आईनं भरायची आणि एक मोठ्या माणसांनी स्वतः भरायची. दोन्ही इंग्रजीत. बेळगाव, निपाणी, चिकोडी या भागातल्या मराठी माणसांना कळतील अशा त्यांना करून हव्या होत्या. आमच्या मुख्याध्यापिकांनी माझं नाव सुचवलं होतं. मी रीतीप्रमाणे दोनदा "नको हो, मला कुठलं जमायला" म्हटलं. मॅडम खानापूरच्या असल्यानं त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

पुस्तिकेच्या पहिल्या पानावर भाषांतरकाराचं नाव छापतात, असंही त्यांनी सांगितलं. खोटं कशाला बोलू, त्या दिवसापासून मला ते पान दिसायला लागलं. खाली माझं नाव, त्यापुढं बी. ए., बी. एड. बत्तीस वर्षं मुलींचे निबंध तपासले, स्वतःचं एक ओळभर छापून आलं नव्हतं. आणि या एका गोष्टीत तरी आक्का कुठं मध्ये येण्याचा संभव नव्हता.

महिनाभर खपून मी दोन्ही याद्या केल्या. "माझे अपत्य इतरांच्या भावनांची यथोचित दखल घेते." असं एकेक वाक्य, पैठणीच्या घडीसारखं. मॅडमची पद्धत अशी की केलेलं भाषांतर दुसऱ्या माणसाला द्यायचं, ज्यानं मूळ बघितलेलं नाही, आणि त्याच्याकडून उलट इंग्रजीत करून घ्यायचं. म्हणजे मूळ अर्थ वाटेत सांडला का ते कळतं. चिकोडीच्या एका प्राध्यापकांनी ते केलं आणि थेंबभर सांडलं नव्हतं. मॅडमनी फोनवर अभिनंदन केलं. मी शाळेत पेढे वाटले.

आता फक्त बायकांना वाचून दाखवायचं राहिलं होतं. मॅडम म्हणाल्या, लहान मुलांच्या दहाबारा आया जमवता येतील का? मीच तोंडानं बोलून गेले, "आमच्या थोरल्या जाऊबाई अंगणवाडीत होत्या, त्या जमवतील." जमवतील, एवढंच. सतरंज्या घालतील, बायकांना हाका मारतील. माझा हेतू तेवढाच होता.

बायका समाजमंदिरात जमल्या. बऱ्याचशा घरी विड्या वळणाऱ्या. चारपाच जणी पानं, कात्री आणि सूप घेऊनच आल्या होत्या, हात रिकामा ठेवून बसायची सवय नाही म्हणून. बहुतेकींबरोबर सासू. मी खुर्चीवर, स्टार्चची साडी, हातात लाल पेन. आक्का कोपऱ्यात सतरंजीच्या शेवटी. स्वाती मॅडम पाठीमागं वही घेऊन.

मी आधी स्वमग्नता म्हणजे काय ते समजावलं. एका म्हातारीनं हात जोडून विचारलं, "म्हंजे पोर फुडं महाराज व्हणार का?" आमच्यात मुनिमहाराजांबद्दल बोलतानाच असले शब्द कानावर पडतात, त्याला ती तरी काय करणार. मी घाईघाईनं पहिलं वाक्य वाचलं. उत्तरं सासवांनी दिली. सगळ्यांची नातवंडं सगळ्यांच्या भावनांची यथोचित दखल घेत होती. दुसरं वाक्य, तिसरं, दहावं. सगळं अगदी बरोबर. मला वाटलं, किती सुरेख चाललंय.

मग मी वाचलं, "बोलताना मूल समोरच्या व्यक्तीच्या नजरेला नजर देते का?"

एक तरुण आई, सरिता तिचं नाव, पानाला कात्री लावता लावता ताठ बसली. "न्हाय ओ बाई. आमची पोरगी तसली न्हाय. मोठ्यांफुडं मान खाली घालूनच बोलतीया."

सगळ्या सासवांनी कौतुकानं माना डोलावल्या. तिच्या मागोमाग सातजणींनी अभिमानानं "न्हाय" सांगितलं. मी लाल पेननं आठ खुणा केल्या. म्हणजे माझ्या यादीप्रमाणे त्या सतरंजीवर एका दमात आठ मुली शंकास्पद ठरल्या.

तेवढ्यात कोपऱ्यातून आक्का म्हणाली, "धाकटे, ह्या बायका परीक्षा द्यायलाल्यात."

"म्हणजे?"

"तुला जे आवडंल ते सांगाल्यात. तू विचार की सरिताला, काय विचारलं म्हणून."

मॅडम पाठीमागून म्हणाल्या, विचारा. मी विचारलं. सरिता म्हणाली, "पोरगी उद्धट हाय का, असं विचारलासा की ओ."

त्यानंतर जे झालं ते मी बरेच दिवस नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. मॅडमनी आक्काला पुढं बोलावलं. आक्का खुर्चीवर बसली नाही, बायकांच्या गोलात खाली बसली, सरिताच्या सुपातलं एक पान उचललं आणि मला म्हणाली, "तू सासवांना घिऊन भाईर कट्ट्यावर बस. त्यास्नी चहा दे. तुला गोड बोलायला येतंय." म्हणजे बी. ए., बी. एड. बाहेर चहा देणार आणि दहावी कन्नड आत मराठी विचारणार.

मी गेले. काय करणार. खिडकीतून ऐकू येत होतं.

"सरिता, तुझ्या पोरीला कायतर गावलं, मणी म्हण, पीस म्हण, तर तुला दावाय आणती का?"

"आणतीया."

"आन् दावताना तुझ्या तोंडाकडं बघती का नुसतं त्या मण्याकडं?"

सरिताची कात्री थांबली. मला खिडकीतून तिचा हात दिसत होता. ती म्हणाली, "मण्याकडंच बघती. आणतीया पर मला न्हाय दावत. माझा हात धरून त्यो मणी माझ्या हातात ठेवती, न् तिथंच बघत बसती." आणि मग आवाज खाली आणून, "आक्का, ह्ये कुणाला सांगितलं न्हाय मी."

बाहेर कट्ट्यावर सरिताची सासू मला सांगत होती की नात किती शहाणी आहे, जागची हलत म्हणून नाही.

दिवसभर तेच चाललं. माझं "काल्पनिक चहापानाचा खेळ" आक्कानं उडवलं. तिथं चूल-बोळकी घालावीत असं मॅडम म्हणाल्या, तर आक्का म्हणाली, विड्या वळणाऱ्यांच्या घरात पोरी चूल-बोळक्यांनी कमी खेळतात, आईशेजारी बसून पान वळतात. पण खरं पान घेऊन वळायला लागली तर ते काम झालं. कागदाचा कपटा घेऊन, आत काही नाही हे ठाऊक असताना वळून तुम्हाला दिलं, तर तो खेळ झाला. ते विचारा. मॅडमनी वही मिटून तिच्याकडं बघितलं. असं माझ्याकडं कधी कुणी बघितलेलं नाही, वर्गात उंदीर आलाय हे मी सांगितलं होतं तेव्हासुद्धा.

सरिताची मुलगी पुढं बेळगावला दाखवली, वेळेत दाखवली म्हणून मॅडमना बरं वाटलं, आता ती शाळेत जाते. त्याचा आनंद मला झाला. खरंच झाला. पण त्या आनंदाच्या तळाशी, दुधाखाली करपलेलं लागतं ना, तसं काहीतरी होतं.

पुढच्या बैठकीला मोठ्यांची यादी घेतली. आमच्याच सोप्यात बसलो, मॅडम, आक्का आणि मी. एका वाक्याशी गाडी अडली. समोरचा माणूस बोलतो एक आणि त्याच्या मनात असतं दुसरं, ते आपल्याला कळतं का, अशा अर्थाचं ते वाक्य. मॅडमना त्याला इथलं, घरगुती उदाहरण हवं होतं.

माझ्याकडं उदाहरण तयारच होतं. मी मामांची गोष्ट सांगितली. नको-नकोपासून भज्यांच्या पुडीपर्यंत, हावभावांसकट, अगदी रंगवून. मॅडम डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. आणि मला जोर चढला. महिनाभर जे साठलं होतं ते गोड आवाजात बाहेर आलं. मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही कशाला गावभर फिरताय? आमच्या आक्कांनाच भरायला द्या ना ही यादी. भात वेगळा, आमटी वेगळी, कुकर वाजला की परसात, माणसं आली की भिंतीकडं तोंड. सगळ्या खुणा एका घरात मिळतील."

मॅडमचं हसू थांबलं. माझंही थांबायला हवं होतं, पण ते तोंडावर तसंच राहिलं, काढून कुठं ठेवावं ते कळेना.

आक्का उठली. मला वाटलं, आत जाणार. ती खुंटीवरच्या तिच्या कापडी पिशवीकडं गेली आणि घडी घातलेले कागद काढून तिनं मॅडमच्या पुढं ठेवले. मोठ्यांची यादी. पेन्सिलीनं भरलेली, सगळी.

"धाकटीनं लिवून आणली तवाच भरली मी," ती म्हणाली. "तिच्या टेबलावर हुती. वाचाय दोन दिस लागलं, अवघड शब्द हुतं. पर कळालं सगळं." मग म्हणाली, "मला वाटत हुतं मी माणूसघाणी हाय. सगळी म्हणायची तसं. ही यादी वाचली न् वाटलं, माझ्यासारकी आणि बी असणार कुठंतर. न्हायतर एवढं प्रश्न कोण कशाला छापंल?"

मॅडमनी अगदी सांभाळून सांगितलं की नुसत्या यादीवरून काही ठरत नाही, यादी फक्त पुढं बघायला हवं का एवढंच सांगते, आणि आक्काची इच्छा असेल तर त्या बेळगावला सविस्तर बघतील. आक्का म्हणाली, दाखला नको, बघायचं होतं ते बघून झालं.

कागद माझ्याकडं आले. "माझ्या बोलण्याने समोरची व्यक्ती दुखावली गेल्यास मला तत्काळ उमगते." हे माझं सातवं वाक्य. तिथं आक्कानं 'अजिबात नाही' वर खूण केली होती आणि समासात, अंगणवाडीच्या दप्तरात शेरा लिहावा तशा अक्षरात लिहिलं होतं, 'धाकटीस विचारणे.'

पान उलटलं. एकोणिसावं वाक्य, चेहऱ्यावरून राग ओळखण्याचं. 'धाकटीस विचारणे.' सव्विसावं. 'धाकटीस विचारणे. तिला कळते.'

मॅडम काहीतरी बोलत होत्या. मी चहा करते म्हणून आत गेले आणि चहा न करताच उभी राहिले.

त्या संध्याकाळी जेवण आटोपल्यावर आक्का नेहमीसारखी माझ्या दारात आली. काही झालंच नाही, अशा आवाजात म्हणाली, "धाकटे, आज कोण रागावलं?"

मी म्हटलं, "मी."

"कुणावर?"

"तुमच्यावर."

"का गं?"

मग मी सांगितलं. कोठीची किल्ली, आत्तींचं ते वाक्य, मुलीचा निकाल, समाजमंदिराचा कट्टा आणि सासवांचा चहा. पन्नाशी उलटलेली बाई पाचवीतल्या मुलीसारखी एकेक गोष्ट मोजून सांगत होते. ती चौकटीला टेकून ऐकत राहिली. सगळं संपल्यावर म्हणाली, "मग आदी का न्हाय सांगितलीस? मी रोज विचारत हुतो की."



पुस्तिका छापून आली. त्यात एक वाक्य मूळ इंग्रजीत नाही. समोरचा रागावलाय का हे मला घरातल्या कुणाला तरी विचारावं लागतं, असं ते वाक्य. मॅडमनी ते आक्काच्या समासातून उचलून, शेवटी जादा म्हणून घातलं. बायका या वाक्याला सगळ्यात पटकन उत्तर देतात, असं त्या सांगतात. पहिल्या पानावर आक्काचं नाव माझ्या नावाच्या वर घालायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी आक्काला विचारलं. ती म्हणाली, नको, मी काय लिवलं, मी नुसतं विचारलं. मॅडम खानापूरच्या. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदाही विचारलं. पण आक्काचं नको हे नकोच होतं. त्यामुळं पहिल्या पानावर मी एकटीच आहे, बी. ए., बी. एड. कधी कुणाला दाखवायला ते पान उघडते, तर माझं नाव बत्तीस वर्षांनी आलेल्या पाहुण्यासारखं तिथं अवघडून बसलेलं दिसतं.

पुढच्या वर्षी भावजींना आणि आक्काला त्यांच्या मुलानं बेळगावला नेलं. तो बेळगावजवळच्या मच्छे गावी एका कारखान्यात आहे, जवळच घर घेतलंय. जाताना आक्कानं कमरेची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. मी इतकी वर्षं या क्षणाची वाट पाहत होते. कोठीत काय होतं? दोन पिंपं, लोणच्याची बरणी आणि वेगवेगळ्या डब्यांत निवडून ठेवलेल्या शेंगा, फुटक्या आणि सबंध.

गेल्या दिवाळीच्या आधी आक्का गेली. चार दिवसांचा ताप झाला, बस्स. मच्छ्याच्या त्या घरासमोर निपाणीहून दोन गाड्या भरून बायका आल्या. सरिता आली, मुलीला घेऊन. मुलगी गर्दीला बावरून भिंतीकडं तोंड करून उभी होती आणि तिला कुणी काही म्हणत नव्हतं. त्या गर्दीत रडता रडता माझ्या मनात आलं की माझ्या वेळी एवढ्या बायका येतील का. आलं ते आलं. आता कुणी संध्याकाळी दारात येऊन विचारत नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

पण माझ्या डोळ्यांसमोर ती दिसते ती त्याआधी दोन महिन्यांची. मी शाळेच्या कामाला बेळगावला गेले होते. काम लांबलं, दुपारी दोनला मच्छ्याला पोचले. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. आक्कानं दार उघडलं, पाणी दिलं आणि विचारलं, "जेवणार का?"

"नको हो आक्का, नको," माझं तोंड आपसूक म्हणालं. मामांची भाची ती.

"बरं," म्हणून ती वळली. भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवायला तिचा हात गेला. आणि तो हात झाकणासकट तसाच राहिला. ती माझ्याकडं वळली. माझ्या तोंडाकडं बघायला लागली, कपाळ, डोळे, ओठ, एकेक करून, पोथीतलं अवघड अक्षर लावावं तसं. मी अगदी स्थिर बसले. पण ते अक्षर तिला काही लागलं नाही. तिनं मान हलवली आणि सरळ विचारलं,

"धाकटे, खरं नको, का रीतीचं?"

"रीतीचं," मी म्हटलं.

"मग तसं सांगायचं की गं," आक्का म्हणाली, आणि झाकण ओट्यावर ठेवून तिनं ताट घेतलं. भात वाढला. आमटी वाढली. दोन्हींच्या मध्ये बोटभर जागा सोडून.